हेड दुरुस्त करायचं की बदलायचं? जुन्या गाडीच्या नव्या मालकांसाठी

वडिलांच्या पद्मिनीच्या हेडचं, म्हणजे इंजिनच्या ब्लॉकवर बसणाऱ्या आणि व्हॉल्व्ह सांभाळणाऱ्या वरच्या भागाचं, काम मी पहिल्यांदा करून घेतलं, तेव्हा माझा क्रम चुकला. नवे गाइड (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते त्या नळ्या) बसवले, सीट (व्हॉल्व्ह बंद होताना टेकतो त्या बैठका) कापून घेतल्या, व्हॉल्व्ह घासून झाले. मग कुणीतरी म्हणालं, एकदा प्रेशर टेस्ट करून घ्या. हेड गरम पाण्यात बुडवून हवा भरली तर दोन सीटच्या मधून बुडबुडे यायला लागले. चीर होती, आणि ती आधीपासूनच असणार. गाइडचे पैसे, सीटची मजुरी आणि तीन आठवडे पाण्यात गेले. दोष हेडचा नव्हता, तपासणी शेवटी ठेवल्याचा होता.

म्हणून नवीन मंडळींना माझं एकच सांगणं असतं. "हेड गेलं" हे वाक्य ऐकून लगेच पुण्याच्या नाना पेठेत, सुट्या भागांच्या बाजारात, दुसरं हेड शोधायला जाऊ नका, आणि "करून देतो, टेन्शन घेऊ नका" ऐकून लगेच गाइडही ठोकू नका. आधी हेड धुऊन मापं घ्या. ज्या तपासणीत हेड नापास होऊ शकतं ती आधी, ज्या कामात पैसे लागतात ते नंतर. या क्रमाने गेलात तर निर्णय बहुतेक वेळा आपोआप समोर येतो.

तुमच्या गाडीत कोणतं हेड आहे?

आपल्याकडच्या जुन्या गाड्यांमध्ये हेडचे तीन-चार प्रकार दिसतात आणि प्रत्येकाचं दुखणं वेगळं असतं.

फियाट अकराशे आणि पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन म्हणजे खाली बिडाचा (ओतीव लोखंडाचा) ब्लॉक आणि वर अ‍ॅल्युमिनियमचं हेड. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट पसरतं. चारशे मि.मी. लांबीचा तुकडा ८० अंशांनी तापला तर अ‍ॅल्युमिनियम सुमारे पाऊण मि.मी. वाढतं, बीड त्याच्या निम्मं. दोन्ही एकमेकांना बोल्टांनी आवळलेले असल्यामुळे इंजिन अति तापलं की हेडला सरळ पसरायला जागा उरत नाही आणि ते वाकतं. म्हणजे पद्मिनीवाल्याची मुख्य काळजी दोन गोष्टींची: वाक आणि पाण्याने खाल्लेली भोकं.

अ‍ॅम्बॅसडरचं जुनं १४८९ सीसी पेट्रोल इंजिन मुळात इंग्लंडच्या बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) आहे आणि त्याचं हेड बिडाचं आहे. ते सहसा वाकत नाही, पण चिरतं. दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह शेजारी-शेजारी असून त्यांचं पोर्ट, म्हणजे धूर बाहेर जाण्याची वाट, एकच आहे, त्यामुळे तिथे उष्णता साठते. भिंग घेऊन सगळ्यात आधी तिथे बघा.

विलिज जीपच्या वंशातलं महिंद्राचं एफ-हेड इंजिन असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. त्यात इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये असतात, पण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये. एक्झॉस्ट जळालेला असताना हेड बदलून काहीच साधत नाही. नवं हेड बसवूनही मिसिंग तसंच राहिलं म्हणून हैराण झालेले जीपवाले मी पाहिले आहेत.

१९८३ साली आलेली पहिली मारुती ८०० आता चाळिशी ओलांडून गेली. तिच्या ७९६ सीसी इंजिनात कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, हेडमध्येच बसतो. त्यामुळे हेड वाकलं की खालचा फेसच (ब्लॉकवर टेकणारी बाजू) नव्हे, कॅमची भोकंही एका रेषेतून सरकतात. याबद्दल पुढे बोलू, कारण तिथे हिशोबच बदलतो.

हेड उघडण्याआधी

कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजणारं मीटर, हे मिस्त्रीकडून उसनं आणण्यापेक्षा विकत घेण्याचं अवजार आहे. इंजिन गरम करा, सगळे प्लग काढा, इग्निशनची वायर सोडा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवा आणि प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा फेरे स्टार्टर मारा. आकडे कागदावर लिहा. आकडा किती आला यापेक्षा सिलिंडरांत आपापसांत किती फरक आहे हे जास्त बोलकं असतं. दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर पुढे जा.

जिथे आकडा कमी, तिथे चमचाभर इंजिन ऑइल प्लगच्या भोकातून सोडा आणि पुन्हा बघा. आकडा चढला तर दोष पिस्टनच्या रिंगांचा, म्हणजे खालचा. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट, म्हणजे हेड आणि ब्लॉकच्या मधलं पॅकिंग. शेजारचे दोन सिलिंडर मिळून पडलेले असतील तर त्यांच्यामधलं हेड गॅस्केट उडाल्याची शक्यता सगळ्यात मोठी, आणि तसं असेल तर कदाचित हेड ठीकठाकही निघेल.

कॉम्प्रेसर हाताशी असेल तर याहून चांगली परीक्षा आहे. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणा, गाडी गिअरमध्ये टाकून हँडब्रेक ओढा, आणि प्लगच्या भोकातून हवा सोडा. मग कान लावा. कार्बोरेटरमधून सूं सूं आलं तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आलं तर एक्झॉस्ट, ऑइल भरायच्या तोंडातून आलं तर रिंगा. रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे दिसले तर गॅस्केट किंवा चीर.

धुराचंही वाचन शिकून घ्या. पुण्याजवळचा दिवे घाट सासवडच्या बाजूने उतरा, अ‍ॅक्सिलरेटर सोडून, गिअरवर. खाली सपाटीला पुन्हा रेस दिल्यावर मागे निळ्या धुराचा लोट आला तर गाइडमधून ऑइल खाली झिरपतंय. चढताना, जोर लावल्यावर निळा धूर येत असेल तर संशय रिंगांवर घ्या. डिसेंबरच्या सकाळी पहिली दोन मिनिटं निघणारी पांढरी वाफ पुण्यात अगदी नेहमीची आहे, तिला घाबरायचं कारण नाही. इंजिन गरम झाल्यावरही ती थांबली नाही आणि रेडिएटरचं पाणी रोज कमी होत असेल तर मात्र पाणी सिलिंडरमध्ये जातंय.

ऑइलच्या झाकणाखाली दुधी साय दिसली म्हणून पावसाळ्यात लगेच निष्कर्ष काढू नका. डेक्कन ते कर्वेनगर एवढ्याच छोट्या फेऱ्या होत असतील तर वाफ तिथे साठते. डिपस्टिकवरचं ऑइलही चहासारखं झालं असेल तरच काळजीची गोष्ट.

उघडताना

इंजिन पूर्ण थंड हवं, शक्यतो रात्रभर उभं राहिलेलं. बोल्ट बाहेरून आत, थोडे थोडे करून सैल करा. पुठ्ठ्याला भोकं पाडून नंबर घाला आणि पुशरॉड, आणि नंतर व्हॉल्व्ह काढाल तेव्हा तेही, त्याच क्रमाने त्यात खोचा. ते एकमेकांच्या जागी गेले तर चांगले भागही वाया जातात.

अ‍ॅल्युमिनियमचं हेड स्टडवर गंजून अडकतं. फटीत स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटू नका, फेसवर पडलेली एक खोल रेघ भरायला वेल्डिंग करावं लागतं. गंज सोडवणारं तेल स्टडांच्या मुळाशी सोडा, एक-दोन दिवस थांबा, लाकडी ठोकळा ठेवून हलकेच ठोका. घाईत फोडलेली हेडं मी तापून वाकलेल्या हेडांइतकीच पाहिली असतील.

काढलेलं गॅस्केट फेकू नका. त्याच्यावर कुठे काळी वाट पडली आहे, कुठे गंजाचा डाग आहे, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं.

धुतल्याशिवाय कुणालाही दाखवू नका

कार्बन, जुनं गॅस्केट, पाण्याचे थर हे सगळं निघाल्याशिवाय चीर दिसत नाही. अ‍ॅल्युमिनियमला कॉस्टिक सोडा लावू नका, तो धातूच खातो. रॉकेल किंवा डिझेल, प्लास्टिकची खरवडणी आणि संयम, एवढ्यावर घरी भागतं.

सगळे व्हॉल्व्ह जागेवर असतानाच एक फुकटातली परीक्षा करून घ्या. हेड उलटं ठेवा, प्लग लावा, ज्वलनकक्षांत रॉकेल ओता आणि पंधरा मिनिटांनी पोर्टमध्ये बोट फिरवा. ओलं लागलं तर त्या व्हॉल्व्हची बैठक धरत नाही.

चीर: पहिला फैसला

मी जे शेवटी केलं ते तुम्ही इथे करा. अ‍ॅल्युमिनियमसाठी डाय पेनिट्रंटचे तीन डबे मिळतात: एक सफाईचा, एक लाल रंगाचा, एक पांढऱ्या डेव्हलपरचा. लाल फवारा मारा, थांबा, पुसा, पांढरा मारा. चीर असेल तर पांढऱ्यावर लाल केसासारखी रेघ उमटते. बिडाच्या हेडाला चुंबकीय तपासणी जास्त चांगली. पण दोन्ही तपासण्या वरवरच्या चिरा दाखवतात. पाण्याच्या पोकळीतली चीर दिसते ती प्रेशर टेस्टमध्येच: पाण्याची भोकं रबर आणि पट्ट्यांनी बंद करायची, दोन-तीन बार हवा भरायची आणि हेड गरम पाण्यात बुडवायचं. पाणी गरमच हवं, कारण काही चिरा धातू तापल्यावरच उघडतात. भोसरी-पिंपरीच्या पट्ट्यात इंजिन रिकंडिशनिंगची कामं करणारे बरेच जण आहेत. हेड पाठवण्याआधी फोनवर विचारा, "गरम पाण्यात करता का?"

चीर म्हणजे शेवट असं नाही. बिडातली छोटी चीर मेटल स्टिचिंगने, म्हणजे एकात एक अडकणाऱ्या पिनांची ओळ बसवून, वर्षानुवर्षं टिकते. अ‍ॅल्युमिनियमला आर्गॉन वेल्डिंग होतं, पण त्यासाठी हेड आतपर्यंत तेलमुक्त हवं, आधी सावकाश तापवलेलं हवं आणि वेल्डरने हेडवर काम केलेलं हवं. गेट-ग्रिल करणाऱ्या माणसाकडे हेड नेऊ नका, तो कितीही चांगला असला तरी. दोन सीटच्या मधली चीर जर सीटखाली जाऊन पाण्याच्या पोकळीला मिळत असेल, किंवा त्याच जागी आधी कुणी वेल्डिंग केलेलं दिसत असेल, तर मी ते हेड सोडून देतो.

वाक आणि जाडी

खात्रीची सरळ पोलादी पट्टी आणि फीलर गेज घ्या. लेथवरची रोजची फूटपट्टी चालणार नाही. लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर पट्टी ठेवून फटीत गेजचं पान सरकतंय का बघा. सर्व्हिस मॅन्युअलचा आकडा शेवटचा, तो हाती नसेल तर चार सिलिंडरच्या हेडला पूर्ण लांबीत ०.१० मि.मी.पर्यंतची फट साधारण चालते. त्याहून जास्त असेल तर फेसिंग, म्हणजे मशीनवर फेस घासून सपाट करणं. आणि याच पट्टीने ब्लॉकचा फेसही तपासा. नवं कोरं हेड वाकड्या ब्लॉकवर बसवलं तर गॅस्केट पुन्हा उडतं.

जुने मशीनवाले थाऊत बोलतात. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५ मि.मी. "दहा थाऊ घेतलं" म्हणजे पाव मि.मी. गेलं. यावर "कॉम्प्रेशन वाढून इंजिन ठोकेल" अशी भीती घातली जाते, म्हणून आकडा करून बघू. पद्मिनीचा बोअर ६८ मि.मी., स्ट्रोक ७५. एका सिलिंडरचं आकारमान साधारण २७२ सीसी. दाबप्रमाण (कॉम्प्रेशन रेशो) ७.८ धरलं तर वर उरणारी जागा ४० सीसी. पाव मि.मी. घासलं तर त्यातला जास्तीत जास्त ०.९ सीसी जातो आणि दाबप्रमाण ८ च्या आसपास येतं. एवढ्याने काही बिघडत नाही. खरी अडचण एका फेसिंगची नाही, आजवर झालेल्या सगळ्या फेसिंगच्या बेरजेची आहे. पन्नास वर्षांत हे हेड किती वेळा मशीनवर चढलं असेल कोण जाणे. म्हणून व्हर्निअरने चारही कोपऱ्यांची जाडी मोजा. ती मॅन्युअलमधल्या किमान जाडीच्या खाली गेली असेल, किंवा एक टोक दुसऱ्यापेक्षा चांगलंच पातळ असेल, तर हेड बदलायचं. जाड गॅस्केट घालून वेळ मारून नेता येते, पण मला ते तात्पुरतंच वाटतं.

मारुतीसारख्या कॅम वर असलेल्या हेडात फेसिंगने फक्त खालचा फेस सरळ होतो. वरची कॅमची भोकं वाकलेलीच राहतात. शाफ्ट बसवून बोटांनी फिरवा. एका जागी जड, एका जागी हलका लागला तर हेड आधी सरळ करावं लागेल, मग भोकं, मग फेस. त्या गाडीसाठी हेड सहज मिळत असल्याने तिथे मी बदलण्याकडेच झुकतो. पुशरॉडच्या पद्मिनीत ही भानगड नाही, फक्त टॅपेट नव्याने लावावे, म्हणजे व्हॉल्व्हच्या टोकाची फट पुन्हा जुळवावी लागते.

एक तपासणी बहुतेक जण करतच नाहीत. खूप तापलेलं अ‍ॅल्युमिनियम मऊ पडतं. बोल्टच्या वॉशरखाली खड्डे पडलेले दिसतात, आवळलेला टॉर्क, म्हणजे बोल्ट आवळल्याचा जोर, टिकत नाही, आणि गॅस्केट महिन्याभरात परत जातं. हीट ट्रीटमेंट करणाऱ्या कारखान्यात कडकपणा मोजण्याचं यंत्र असतं. ज्वलनकक्षांच्या मधली जागा आणि कोपरा, दोन्ही मोजून ताडून बघा. मधे बरंच मऊ निघालं तर त्या हेडवर एक रुपयाही घालू नका.

पाण्याच्या भोकांभोवती धातू खाल्लेला दिसेल. आपल्याकडे वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये नळाचं किंवा बोअरचं पाणी ओतलं गेलं, त्याचा हा परिणाम. गॅस्केटची कडा जिथे बसते तिथपर्यंत तो पोचला नसेल तर आर्गॉनने भरून फेसिंग करता येतं.

मग गाइड, सीट, व्हॉल्व्ह

इथवर हेड पास झालं असेल तर ते जवळपास नक्की दुरुस्त होतं. गाइड आधी, सीट नंतर, कारण सीट कापणारं हत्यार गाइडलाच धरून उभं राहतं. झिजलेल्या गाइडवर कापलेली सीट वाकडीच होणार. व्हॉल्व्हच्या डोक्याची कड धारदार झाली असेल, म्हणजे साधारण ०.८ मि.मी.पेक्षा पातळ, तर व्हॉल्व्ह नवा घ्या.

अ‍ॅम्बॅसडरवाल्यांसाठी एक खास गोष्ट. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं. त्याआधी पेट्रोलमधलं शिसं बिडाच्या एक्झॉस्ट सीटला संरक्षण देत होतं. ते गेल्यावर सीट हळूहळू आत बसत जाते आणि एक्झॉस्टचे टॅपेट पुन्हा पुन्हा आवळत जातात. तुमचे टॅपेट असे आवळत असतील तर हेड उघडलेलं असताना कडक पोलादी सीट रिंग बसवून घ्या. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडात सीट रिंगा मुळातच वेगळ्या बसवलेल्या असतात, तिथे फक्त त्या सैल झाल्यात का ते बघायचं.

बदलायचंच ठरलं तर

नाना पेठेत किंवा बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात हेड मिळतं. "साहेब, रेडी हेड आहे, लावा आणि चालवा," असं सांगितलं जातं. रंग मारलेलं हेड घेऊ नका, रंगाखाली काहीही लपतं. ओतीव क्रमांक आपल्या हेडाशी जुळवा, जुनं गॅस्केट सोबत न्या आणि भोकांवर ठेवून बघा. पट्टी आणि फीलर गेज खिशात असू द्या. दुकानदाराशी आधीच ठरवा, "काका, प्रेशर टेस्टमध्ये नापास झालं तर परत घ्याल ना?" चिठ्ठीवर लिहून घ्या. बाजारातलं हेड दुसऱ्या कुणाच्या तरी तापलेल्या गाडीतूनच निघालेलं असतं, त्यामुळे वरची एकही तपासणी त्याला माफ नाही. त्याच्या किमतीत टेस्ट, फेसिंग, गाइड आणि सीटची मजुरी मिळवा आणि मगच आपल्या हेडच्या दुरुस्तीशी तुलना करा. ही बेरीज केली की "बदलणं स्वस्त" हा समज बऱ्याचदा टिकत नाही.

कागदपत्रांचं म्हणाल तर आरसीवरचा इंजिन नंबर ब्लॉकवर असतो, त्यामुळे हेड बदलल्याने तो बदलत नाही. मात्र २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीसाठी व्हिंटेज नोंदणी, म्हणजे व्हीए मालिकेचा नंबर घ्यायचा विचार असेल, तर गाडी मूळ रूपात असणं अपेक्षित आहे. तेव्हा दुसऱ्या इंजिनाचं हेड जुळवून बसवण्याच्या फंदात पडू नका. काढलेलं मूळ हेडही भंगारात देऊ नका. तेल लावून, कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवा.

आणि बोअरिंगची, म्हणजे झिजलेले सिलिंडर पुन्हा कापण्याची, वेळ आलेल्या इंजिनावर एकट्या हेडचं काम करू नका. वर सगळं घट्ट झालं की झिजलेल्या रिंगांवरचा दाब वाढतो आणि ऑइल पिणं उलट वाढू शकतं. म्हणूनच सुरुवातीचे कॉम्प्रेशनचे आकडे लिहून ठेवायला सांगितलं.

कारखान्यात देताना आणि बसवताना

काम तोंडी सांगू नका. कागदावर लिहा: आधी प्रेशर टेस्ट, पास झालं तरच पुढे, फेस साफ होईल इतकंच घासायचं, आधीची आणि नंतरची जाडी लिहून द्यायची, काढलेले भाग परत द्यायचे. चांगला मशीनवाला अशी चिठ्ठी बघून खूश होतो. चिठ्ठी बघून चिडणाऱ्याकडे मी हेड ठेवत नाही.

बसवताना ब्लॉकमधली बोल्टची भोकं हवेने कोरडी करा. तळ बंद असलेल्या भोकात तेल किंवा पाणी राहिलं तर बोल्ट आवळताना ते ब्लॉक फोडू शकतं. टॉर्क रेंचने मधून बाहेर, तीन टप्प्यांत आवळा. रेडिएटरमध्ये बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं घाला, आणि झाकणाचं रबर-स्प्रिंग तपासा. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, इथे उघडं पाणी ९८ अंशांनाच उकळतं. झाकण दाब धरत नसेल तर घाटात पाणी लवकर उकळतं.

पहिल्यांदा गरम करून इंजिन रात्रभर थंड होऊ द्या. जुन्या पद्धतीचं गॅस्केट असेल तर सकाळी मॅन्युअलप्रमाणे बोल्ट पुन्हा टॉर्कवर घ्या, मग टॅपेट लावा. पाचशे किलोमीटरनंतर हेच पुन्हा करा, आणि तोपर्यंत दिवे घाटाकडे गाडी वळवू नका.